नाव घातलेलं भांडं

बातमी आली ती व्हॉट्सअॅपवर. ओट्यावर चहा उकळत होता आणि मी पेपर उघडायच्या ऐवजी आमच्या जुन्या ऑफिसचा ग्रुप उघडला, हीच पहिली चूक. 'विमल मॅडम एक्स्पायर्ड, टुडे मॉर्निंग, पनवेल.' एक्स्पायर्ड! बाई होती की खोकल्याच्या औषधाची बाटली? खाली ओळीने जोडलेले हात, आणि त्या हातांच्या मधोमध कोणीतरी रोजच्या सवयीने टाकलेलं गुलाबाचं फूल आणि 'शुभ सकाळ'. ते काढून टाकावं एवढंही कोणाला सुचलं नाही. मग आमच्या संचालकांचा मेसेज आला, 'आमच्या परिवारातील एक तारा निखळला.' मी फोन पालथा ठेवला. चहा उतू गेला. बायको आतून ओरडली, "अहो, लक्ष कुठंय?" मी म्हटलं, "विमलताई गेल्या." आणि ते बोलताना लक्षात आलं की या बाईशी आपण दीड वर्षात एक शब्द बोललेलो नाही... आणि आता बोलणारही नाही.

त्याला सहा आठवडे झाले. मला लिहायचंच नव्हतं. गेलेल्या माणसावर लिहायचं म्हणजे तो हसतमुख, मनमिळाऊ, सर्वांना हवाहवासा. विमल तांबट यातल्या काहीच नव्हत्या. खडूस होत्या. ऑफिसात कोणाच्या वाढदिवसाचा केक त्यांनी कधी खाल्ला नाही, कारण 'बोटं चिकट होतात आणि मग तीच बोटं पोस्टरला लागतात.' आणि मी जे सांगणार आहे त्यातही गोड काही नाही. रविवारच्या चहाबरोबर ज्यांना गोडच लागतं, त्यांनी खुशाल पान उलटावं.

आम्ही दोघं एका ट्रस्टच्या चित्रपट-संग्रहात कामाला होतो. संग्रह म्हणजे पावण्याला एमआयडीसीत एक गाळा, एका बाजूला पुठ्ठ्याचे खोके बनवणारा, दुसऱ्या बाजूला रंगाच्या पावडरीचा कारखाना. मध्ये आम्ही, एसी लावून. जुन्या सिनेमांची रिळं, पोस्टरं, फोटो, आणि पेट्या भरभरून कपडे. माझं काम रिळं तपासायचं. काचेखाली दिवा असलेल्या टेबलावर फिल्म सरकवत जायची, फाटलंय कुठं, बुरशी कुठं ते बघायचं. सडायला लागलेल्या फिल्मला आंबट वास येतो, लोणच्याचा व्हिनेगर सांडल्यासारखा. वीस-बावीस वर्षं तो वास घेतला, अजून नाकातून गेलेला नाही. विमलताईंचं काम नोंदींचं. कुठली वस्तू काय आहे, कुठून आली, ते कार्डांवर लिहायचं. आधीच्या माणसाने 'साडी, हिरवी, एक' अशा नोंदी करून ठेवल्या होत्या. विमलताईंनी पहिल्याच आठवड्यात तो गठ्ठा संचालकांच्या टेबलावर नेऊन ठेवला आणि म्हणाल्या, "हे धोब्याचं बिल आहे. हे मी पुढे चालवणार नाही."

त्यांचे वडील पनवेलच्या भांडेआळीत भांड्यांवर नावं घालायचे. दुकानाच्या पायरीवर एक स्टूल, हातात ते कुर्रर्र करणारं यंत्र. विमलताई शाळेतून आल्या की शेजारी बसून गिऱ्हाइकांकडून मजकूर लिहून घ्यायच्या. "भांडं कोणाला, कोणाकडून, कशाबद्दल, कधी," त्या सांगायच्या, "ही चार उत्तरं मिळाल्याशिवाय बाबा यंत्र सुरू करत नसत." एकदा जेवताना त्यांनी माझा डबा उलटा करून वाचला. माझ्या बायकोच्या लग्नातला डबा तो. 'चि. सौ. कां. सुधा हिस, मोठ्या मामांकडून.' मला विचारलं, "हे मामा कोण?" मी सांगितलं, सावंतवाडीचे, एसटीत होते, आता नाहीत. त्या म्हणाल्या, "बघा सुर्वे. मामा नाहीत, पण डबा सांगतोय की ते होते आणि भाचीच्या लग्नाला आले होते. यावर नुसतं 'डबा, स्टील, एक' लिहिलं असतं तर?" मी म्हटलं, "तर तो मी कोणाच्याही घरी विसरलो असतो." त्या क्वचित हसायच्या, तेव्हा हसल्या. म्हणाल्या, "हां! तेच. लग्नकार्याला अख्ख्या आळीत भांडी इकडची तिकडं जातात. ज्याच्यावर नाव, ते परत घरी येतं."

हीच त्यांची पद्धत. प्रत्येक वस्तूचं कार्ड, प्रत्येक माणसाचं कार्ड, आणि त्या दोघांमध्ये काय झालं ते एका शब्दात नाही, क्रियापदासकट. 'ने शिवलं.' 'ने नेसलं.' 'च्याकडून मागून आणलं.' 'ने गायलं, पाटीवर नाव दुसऱ्याचं.' आणि दोन्ही टोकांना लिहायचं, एकीकडे लिहिलं की काम अर्धं. शिंप्याच्या कार्डावर कोट आणि कोटाच्या कार्डावर शिंपी. मी चेष्टा करायचो, "ताई, तुमचं हे काम म्हणजे लग्न जुळवणाऱ्या मंडळाचं आहे." त्यावर, "तुमचं काय हो, तुमचं डॉक्टराचं. नाडी बघायची आणि मेला म्हणून सांगायचं." असं आमचं चालायचं. एकदा त्यांनी मला त्यांच्या डब्यातून नारळाच्या वड्या दिल्या, मी डबा धुऊन रिकामा परत केला. बापरे! "रिकामा डबा परत करतात का? घरी कोणी शिकवलं नाही? काही नसेल तर चिमूटभर साखर घाला." पुढच्या वेळी मी खरंच चिमूटभरच साखर घातली. ती त्यांनी चहात घालून प्यायली आणि डबा माझ्यापुढे आदळला.

आता लुगड्याची गोष्ट. आमच्याकडे एक सिनेमा होता, नाव गेलेला, पहिलं रीळच नाही. कॅनवर नुसतं 'खाडी' लिहिलेलं. काळा-पांढरा. इकडे वसाहत नव्हती, मिठागरं होती, तेव्हाचं चित्रण. त्यात नायिका मिठागराच्या बांधावरून गाणं म्हणत जाते. मी तपासत असताना तिच्या लुगड्याच्या काठाशी एक डाग दिसला. मी औषधाचा बोळा घेऊन पुसायला लागलो. जाईना. पुढच्या चौकटीत तोच. त्याच्या पुढच्यात तोच. फिल्मवरचा डाग एका चौकटीपुरता असतो. हा बाई चालेल तसा तिच्याबरोबर चालत होता. मी विमलताईंना हाक मारली, "ताई, डाग फिल्मवर नाही, बाईवर आहे." त्यांनी भिंगातून पाहिलं आणि म्हणाल्या, "डाग नाही, रफू आहे. नटीला रफू केलेलं लुगडं कोण देईल? हे कोणाच्या तरी घरातून आणलंय."

मग त्या चौकटीचा फोटो काढून आम्ही दोघं त्या मिठागरांशेजारच्या कोळीवाड्यात, सारसोळ्याला गेलो. तीन घरं फिरलो आणि चौथ्या घरी सोनाबाई भेटल्या. ओसरीवर बसलेल्या, डोळ्यांना कमी दिसत होतं, फोटो नाकाशी नेऊन बघितला. आम्हाला वाटलं, नटीचं नाव सांगतील. त्यांनी फोटोवर बोट आपटलं. "ही बाय कोन ती मना नाय म्हाईत. पन लुगरं माजं हाय. मेलीनं माजं लुगरं नेसलंय!" लग्नातलं लुगडं, हिरवं. चुलीचा निखारा पडून काठाशी भोक पडलं होतं, घरात हिरवा धागा नव्हता म्हणून लाल धाग्याने भरलेलं. सिनेमावाले आले, बायकांना गाणी म्हणायला लावली, सोनाबाईंचं स्वतः रचलेलं गाणं उचललं आणि लुगडंही मागून नेलं. "दोन दिस दे बोलले. दोन दिसांचं वरीस झालं, वरसांचं आयुक्ष गेलं..." असं म्हणून त्यांनी ते गाणं म्हणून दाखवलं. आवाज फाटलेला, पण चाल तीच. शब्दही तेच. कॅनमध्ये रिळाबरोबर सापडलेल्या, वरचं पान फाटलेल्या जाहिरातीत त्या गाण्याखाली छापलंय, 'पारंपरिक.' विमलताई बाहेर आल्या आणि भर गल्लीत थुंकल्या. मी त्यांना थुंकताना त्याआधी आणि त्यानंतर कधी पाहिलं नाही. "पारंपरिक म्हणे! जिवंत बाई समोर बसलीय आणि पारंपरिक."

दोन दिवस पेट्या उपसल्यावर लुगडं सापडलं. 'साडी, हिरवी, एक.' काठाशी लाल धागा. मीच पहिल्यांदा पाहिला, कारण ती जागा माझ्या डोळ्यांना पाठ होती. आम्ही दोघांनी दोन टोकं धरून त्याची घडी घातली आणि विमलताईंनी नवीन कार्ड लिहायला घेतलं. 'सोनाबाईंचं. लग्नातलं. रफू त्यांच्याच हातचं. सिनेमासाठी मागून नेलं. नटीने नेसलं. परत दिलं नाही.'

'परत दिलं नाही' यावरून पुढचं सगळं झालं.

सोनाबाई त्याच वर्षी गेल्या. त्यांची नात रंजना, नेरूळच्या मार्केटात मासळीला बसते, ती पावण्याला आली. म्हणाली, "ताई, आजी जाताना पन तेच बोलत व्हती. द्या ना ते आमाला." विमलताईंनी तिला समोर बसवून सांगितलं, "मी ट्रस्टची नोकर आहे, पेटीतून उचलून देऊ शकत नाही. पण नाव घातलंय. कार्ड जेव्हा सगळ्यांना बघायला खुलं होईल, तेव्हा तुला मागता येईल आणि त्यांना नाही म्हणता येणार नाही. तोवर धीर धर." रंजनाने धीर धरला. मार्केटात मला दिसली की विचारायची, "भाऊ, झालं का ओ खुलं?" मी म्हणायचो, होतंय, होतंय. सरकारी काम आणि सहा महिने थांब म्हणतात, आमचं तर सरकारीही नव्हतं.

शेवटी ट्रस्टला कुठूनसं अनुदान मिळालं आणि सगळ्या नोंदी कॉम्प्युटरवर घालायचं ठरलं. एक कंपनी आली. गळ्यात पट्टे घातलेली मुलंमुली आणि त्यांचा तो फॉर्म. फॉर्मात सिनेमाचं नाव, साल, आणि माणसांसाठी एक यादी, त्यातून निवडायचं : नट, दिग्दर्शक, गायक, वेशभूषाकार... आणि जे कशातच बसत नाही त्यासाठी शेवटी एक शब्द, 'संबंधित'. बस्स. शिवणारा संबंधित, नेसणारी संबंधित, जिचं लुगडं ढापलं ती संबंधित आणि ज्याने ढापलं तोही संबंधित! विमलताई फॉर्म घेऊन संचालकांकडे गेल्या, मी बरोबर होतो. संचालक बोलायला गोड माणूस. म्हणाले, "ताई, बाकी तुमचं सगळं आपण घेऊ, पण 'परत दिलं नाही' हे काय नातं झालं का? हे गाऱ्हाणं आहे."

"गाऱ्हाणंच आहे," ताई म्हणाल्या. "खरं आहे म्हणून लिहिलंय."

"आज एक लुगडं. उद्या प्रत्येक जण येईल, हा दिवा आमचा, ती खुर्ची आमची."

"येऊ दे. ज्याचं त्याला कळेल तरी."

संचालक हसले आणि त्यांनी चहा मागवला. हे लोक रागावत नाहीत हो, तीच तर किळस. रागावला तर भांडता येतं. चहा मागवला की काय करणार?

आता मी माझ्याकडे येतो, कारण दुसऱ्यांवर थुंकून झालं की आरसा समोर येतोच. काम संपलं की कर्मचाऱ्यांपैकी एकाने नोंदी पडताळून सही करायची होती. 'तपासले, योग्य आढळले.' विमलताईंनी साफ नाही म्हटलं. संचालकांनी मला बोलावलं. माझ्या निवृत्तीला दोन महिने होते. म्हणाले, "सुर्वे, तुमच्यासारखा अनुभवी माणूस घरी बसून कसं चालेल, दोन वर्षं सल्लागार म्हणून राहा ना." आणि त्याच दमात सहीचा फॉर्म पुढे सरकवला. मी एकही नोंद उघडून बघितली नाही. आयुष्यभर चौकट अन् चौकट तपासणारा माणूस मी, पण त्या कागदावर डोळे मिटून सही केली आणि खाली तारीखही घातली. ज्या माणसांना कंपनीच्या फॉर्मात नीट भूमिका नाही, नुसतंच 'संबंधित' आहे, त्यांच्या नोंदी 'अपूर्ण' म्हणून कंपनीने काढून टाकल्या होत्या. ते सहीच्या फॉर्मच्या तिसऱ्या पानावर लिहिलेलं होतं. मी पहिल्या पानावरून थेट सहीच्या पानावर गेलो. आणि 'आता सगळं सिस्टीमवर आहे' म्हणून कार्डांची खोकी टेंपोत घालून रद्दीत गेली. बावीस वर्षांचं काम. पुठ्ठ्याचा लगदा होऊन शेजारच्या गाळ्यात खोके बनायला आलं असेल, कोण जाणे.

उद्घाटनाला मोठा पडदा, फीत, नारळ. पाहुण्यांनी दोन-चार नटांची नावं टाकून पाहिली, टाळ्या झाल्या. गर्दी पांगल्यावर विमलताई कीबोर्डशी गेल्या आणि एका बोटाने टाइप केलं, 'सोनाबाई'. 'एकही नोंद आढळली नाही.' मग 'लुगडं' टाकलं. 'पारंपरिक कोळी वेश, हिरवा.' माझी सही त्यांनी आधीच पाहिली असणार, कारण त्या सरळ माझ्याकडे आल्या. "सुर्वे, तुम्ही तपासलंत?"

"हो ताई."

"सोनाबाई होती त्यात?"

मी म्हटलं, "सिस्टीमचा प्रॉब्लेम आहे ताई, सांगतो मी त्यांना." छी! आज हे लिहिताना माझीच मला शिसारी येते. त्याच आठवड्यात विमलताईंनी राजीनामा दिला. मी पुढे दोनदा फोन केला, उचलला नाही. तिसऱ्यांदा केला नाही. उचलला असता तर काय बोलणार होतो? सल्लागार म्हणून मी पावण्याला जात राहिलो. सल्ला कोणी एकदाही विचारला नाही.

श्रद्धांजली वाशीला एका हॉलमध्ये ठेवली होती. पत्रिका आली तर एकाच कागदावर वर श्रद्धांजली आणि खाली 'वेशभूषा प्रदर्शनाचे उद्घाटन'. एका हॉलच्या भाड्यात दोन कार्यक्रम. मेल्याच्या टाळूवरचं लोणी खाणं म्हणतात ते हे. बॅनरवर विमलताईंचा फोटो, कुठल्यातरी सहलीच्या ग्रुप फोटोतून कापलेला, त्यांच्या खांद्याशेजारी एक चौकड्यांचा शर्ट अर्धवट दिसत होता. शर्ट माझा होता. संचालक बोलायला उठले. "ताईंनी आम्हाला नाती जपायला शिकवलं." मला खरंच त्या सडक्या फिल्मचा आंबट वास आला. एसी हॉल, अत्तर मारलेली माणसं, आणि मला आंबट वास. स्टेजच्या कडेला प्लॅस्टरची बाहुली उभी होती आणि तिला ते हिरवं लुगडं नेसवलं होतं. तेही धड नाही, निऱ्या समोर काढून, शोकेसमधल्या साडीसारखं. खाली पाटी : 'पारंपरिक कोळी वेश. संग्रह : ट्रस्ट.'

रंजना मार्केटातून थेट आली होती, हातात अबोलीची वेणी. वेणी फोटोला घातली आणि वळली तर समोर बाहुली. ती जवळ गेली, वाकली, काठ उचलून बघितला. मदतीला ठेवलेली एक मुलगी धावली, "मॅडम, टच नका करू प्लीज." रंजनाने काठ सोडला नाही. गर्दीतून माझ्याकडे बघितलं. "भाऊ, ह्यो लाल धागा बगा. आजीचं हाय ना ह्ये? सांगा ना यान्ला."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. संचालकही, हसतमुख. मी म्हणालो, "रंजना, कार्यक्रम होऊ दे. मग बघू." तिने काठ हळूच खाली सोडला, सारखा केला आणि कोणाकडे न बघता निघून गेली. मी बाहेर जाऊन बटाटेवडा खाल्ला. एक नाही, दोन खाल्ले. गरम होते. हेही लिहायलाच हवं, नाहीतर मी उगाच बरा दिसेन.

त्यानंतर दहा-बारा दिवसांनी विमलताईंच्या भाचीचा, स्वातीचा, फोन आला. "काका, मावशीचं घर रिकामं करतेय. एका डब्यावर तुमचं नाव आहे, घेऊन जा." करंजाड्याला सहाव्या मजल्यावर त्यांचा फ्लॅट. मी पहिल्यांदाच गेलो. हॉलमध्ये तीन गोण्या भरून भांडी, मोडीत द्यायला काढलेली. वाट्या, पेले, परातीसुद्धा, आणि प्रत्येकावर त्या बारीक टोचलेल्या अक्षरांत कोणाला, कोणाकडून, कशाबद्दल. स्वातीला बोल लावत नाही, तिची बदली झालीय, पोरगी एकटी किती ओढणार? पण गोणीतून वर आलेल्या एका तांब्यावर 'विमल हिस मॅट्रिक झाल्याबद्दल, बाबांकडून' असं वाचलं आणि मी तोंड फिरवलं. तो तांब्या मी मागून घेतला.

डबा पोळ्यांचा, ऑफिसात रोज बघितलेला. झाकणावर 'विमल', आणि त्याखाली 'घालणार : बाबा'. नाव घालणाऱ्याचंही नाव असावं हा त्यांचा हट्ट लहानपणापासूनचा. वर चिठ्ठी डकवलेली. 'सुर्वे यांना. रिकामा परत करू नये.' आत दोन कार्डं. रद्दीच्या टेंपोआधी एवढी दोनच त्यांनी काढून ठेवली असावीत. पहिलं लुगड्याचं. सगळं जसंच्या तसं, 'परत दिलं नाही' पर्यंत. खाली वेगळ्या शाईत नवी ओळ : 'नोंद काढून टाकली. तपासले, योग्य आढळले — सही, प्रभाकर सुर्वे.' दुसरं कार्ड बघायची हिंमत होईना. पण त्यांचा नियमच होता, एका टोकाला लिहिलं तर दुसऱ्या टोकाला लिहायचंच. दुसरं कार्ड माझं होतं. वर 'प्रभाकर सुर्वे, रिळं तपासणारे.' खाली दोनच ओळी. 'सोनाबाईंच्या लुगड्याची नोंद यांच्या सहीने निघाली.' आणि, 'रफू यांनी प्रथम पाहिलं. सारसोळ्याला बरोबर होते. साक्षीदार.'

मी तिथेच गोणीवर बसलो. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी मला माफ केलेलं नाही, तसं कुठं लिहिलेलं नाही आणि जे लिहिलेलं नाही ते मी वाचणार नाही. त्यांनी फक्त मी केलं तेवढं लिहिलं, दोन्ही. घरी येऊन चार दिवस तो डबा कपाटात कपड्यांमागे ठेवला होता, तेही सांगतो. पहिलं कार्ड दाखवल्याशिवाय रंजनाच्या हातात पुरावा नाही, आणि ते दाखवलं की माझी सही उघडी पडते. दुसरंच तेवढं द्यावं, त्यातली वरची ओळ दुमडून फोटो काढावा, इथवर माझी मजल गेली होती.

पाचव्या दिवशी नेरूळच्या मार्केटात गेलो. रंजना बोंबील साफ करत होती. हात पुसून तिने कार्डं घेतली आणि एकेक शब्द लावत मोठ्याने वाचली, शेजारच्या दोघी ऐकत होत्या. 'सही' पाशी आली आणि थांबली. "ह्यो प्रभाकर सुर्वे कोन?"

मी म्हटलं, "मीच."

शेजारची म्हणाली, "अगो, ह्ये तर रोज पापलेटचा भाव करतान ते!" मला वाटलं आता रंजना सुरी फेकून मारते. तिने कार्डं पदराला पुसून परत माझ्याच हातात दिली. "मंग आता तुमीच बोला. कार्यक्रम होऊ दे बोललात ना? झाला कार्यक्रम."

आम्ही दोघांनी ट्रस्टच्या कचेरीत अर्ज दिलाय. अर्जात एक रकाना होता, 'वस्तूशी संबंध'. रंजनाने लिहिलं, 'आजीचं लुगडं. परत दिलं नाही.' माझ्यासमोरच्या रकान्यात मी लिहिलं, 'खोटी सही केली. रफू पाहिलं.' खिडकीवरच्या माणसाने वाचून विचारलं, "काका, हे असं लिहितात का?" मी म्हटलं, हो, असंच लिहितात. उत्तर आलंय, 'आपला अर्ज विचाराधीन आहे.' संचालकांचा फोनही आला, "सुर्वे, आपण घरातलीच माणसं, चहाला या ना." गेलो नाही. म्हणून हे इथं छापायला दिलं. त्या फॉर्मवरची माझी सही कोणी पुसणार नाही, निदान त्याच नावाने दुसरी असावी. तपासले. चूक आढळली. प्रभाकर सुर्वे.

डबा आता ओट्याच्या वरच्या फळीवर आहे. बायको म्हणते रवा ठेवते, मी ठेवू देत नाही. नऊवारीची घडी त्यात मावेल का, याचा विचार मी बऱ्याचदा करतो. पावण्याला त्या दिवशी विमलताईंनी एक टोक धरलं होतं आणि मी दुसरं, ती घडी केवढी झाली होती ते माझ्या हातांना आठवतं. थोडी दाबून भरावी लागेल, पण मावेल. लुगडं हातात आलं की तो डबा सारसोळ्याला न्यायचा. तोवर तो तिथेच राहणार, कारण रिकामा परत करायचा नाहीये.